‘हिमोलिम्फ’ : पडद्यावर न आलेली वही

‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक माझ्या हाती आले तेच मुळी वर्तमानपत्राचे कव्हर घालून. धाकट्या भावाने ते कुठून तरी मिळवले होते आणि कव्हरही त्यानेच चढवले होते. ‘आपा, बसमध्ये वाचणार असशील तर हे काढू नकोस,’ एवढेच तो म्हणाला. बावधनहून शाळेत पोहोचायला मला दोन बस बदलाव्या लागतात. चांदणी चौकात गाडी अडकली की दहा-बारा पाने सहज वाचून होत. एकदा शेजारी बसलेल्या बाईंनी उर्दू अक्षरे पाहून विचारले, ‘कुराण वाचता का?’ मी मान डोलावली. पुस्तकाचे खरे नाव सांगण्याचे धाडस मला झाले नाही, हे इथे कबूल करते.

पुस्तकाचे लेखक अब्दुल वाहिद शेख. मुंबईतल्या शाळेत शिक्षक. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील लोकल गाड्यांत जे सात स्फोट झाले, त्या खटल्यातील तेरा आरोपींपैकी ते एक होते. नऊ वर्षे तुरुंगात काढल्यावर ११ सप्टेंबर २०१५ रोजी विशेष मकोका न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. उरलेल्या बारा जणांना मात्र दोषी धरले गेले. पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. वाहिद यांचे हे पुस्तक २०१७ च्या सुमारास उर्दूत आले, पुढे हिंदी आणि इंग्रजी वाचकांपर्यंतही गेले. २७ मे २०२२ रोजी त्यांच्या आयुष्यावरचा ‘हिमोलिम्फ’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सुदर्शन गमरे, वाहिद यांच्या भूमिकेत रियाज अन्वर. थिएटरात तो कधी आला आणि कधी उतरला ते मला कळलेही नाही. घरी, पेपर तपासून झाल्यावर, लॅपटॉपवर पाहिला. तीन वर्षांनी, उच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर, पुन्हा पाहिला. या लेखाला निमित्त झाले ते या दुसऱ्या पाहण्याचे.

प्रथम नावाविषयी. मी विज्ञान शिकवते. झुरळ चिरडले तर लाल रक्त का दिसत नाही, असा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारतोच. कीटकांच्या शरीरात आपल्यासारखे लाल रक्त नसते. जो द्रव असतो त्याला हिमोलिम्फ म्हणतात. त्यात हिमोग्लोबिन नसते, म्हणून तो सांडला तरी डोळ्यांत भरत नाही. चित्रपटाला हे नाव देणाऱ्याच्या मनात काय असावे, हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही. ज्यांचे रक्त सांडले तरी कुणाला दिसत नाही, अशा माणसांची ही गोष्ट आहे. नाव अर्थपूर्ण आहे. तरीही ते मला टोचत राहिले. माणसाला कीटकाप्रमाणे चिरडले गेले, हे दाखवता दाखवता दिग्दर्शकाच्या नजरेत तो माणूस फक्त चिरडला जाणाराच उरला की काय, अशी शंका येत राहते.

चित्रपटाचे जे देणे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. मोठा निर्माता नाही, नावाजलेला नट नाही, गाणी-बजावणी नाही. एक मराठी दिग्दर्शक, ज्या खटल्यातील फाशीच्या शिक्षांवर उच्च न्यायालयाचा शिक्कामोर्तब व्हायचा बाकी आहे, त्या खटल्यावर चित्रपट करतो. ही साधी गोष्ट नाही. याआधी हुसेन झैदी यांच्या २००२ च्या पुस्तकावरील ‘ब्लॅक फ्रायडे’ हा १९९३ च्या स्फोटांवरचा चित्रपट टाडा न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत रोखला गेला होता. अखेर तो ९ फेब्रुवारी २००७ रोजी पडद्यावर आला. ‘हिमोलिम्फ’ला तसे थांबावे लागले नाही. रियाज अन्वर यांचा अभिनयही संयत आहे. शिक्षकाचे चालणे, बोलण्याआधी शब्द निवडणे, अधिकाऱ्यापुढे अदबीने उभे राहण्याची सवय, हे सारे त्यांनी नेमके उचलले आहे. आमच्या स्टाफरूममध्ये असे दोन-तीन वाहिद सर रोज डबा खातात.

पण चित्रपट संपल्यावर मनात काय उरते? पोलीस कोठडी उरते. मारहाण, अपमान, बाहेर घरच्यांची होणारी ओढाताण उरते. छळ जितका लक्षात राहतो तितके लिहिणे लक्षात राहत नाही. आणि पुस्तक वाचलेल्याला नेमका उलटा अनुभव येतो. पुस्तकातला वाहिद सोसतो खरा, पण सोसता सोसता तो नोंद घेत असतो. कोणती पद्धत कशासाठी वापरली जाते, धमकी कोणत्या क्रमाने येते, कोरा कागद पुढे केव्हा सरकवला जातो, साक्षीदार कसा घडवला जातो, हे तो एखाद्या धड्याची फोड करावी तसे सांगतो. पकडल्या गेलेल्या माणसाने काय करावे आणि काय करू नये, हेही सांगतो. स्वतःच्या कहाणीबरोबर इतरांच्याही कहाण्या मांडतो. माझ्या मते हे आत्मचरित्र कमी आणि पाठ्यपुस्तक अधिक आहे. काही ठिकाणी ते रुक्ष होते, पुनरुक्तीही होते. भाषेचा फुलोरा शोधणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पण बी.एड.ला आम्हाला पाठाचे टाचण काढायला शिकवतात, त्या शिस्तीने नऊ वर्षांच्या तुरुंगवासाचे टाचण काढणारा शिक्षक मी दुसरा पाहिलेला नाही. तुरुंगातूनच त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पुढे संशोधनासाठी विषयही तुरुंग-साहित्याचाच निवडला. या माणसाच्या चरित्रपटात कागद आणि लेखणी हीच मुख्य पात्रे असायला हवी होती.

इथे एका परक्या चित्रपटाची आठवण येते. २००५ साली बेनेट मिलर यांनी ‘कपोटी’ नावाचा चित्रपट केला. अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटी याच्यावरचा. नोव्हेंबर १९५९ मध्ये कॅन्सस राज्यातील होलकोम या खेड्यात क्लटर कुटुंबातील चौघांचा खून झाला. कपोटी तिथे गेला, वर्षानुवर्षे त्या प्रकरणाच्या मागे राहिला आणि त्याचे ‘इन कोल्ड ब्लड’ हे पुस्तक १९६६ मध्ये आले. त्या चित्रपटात खुनाला फारच थोडी जागा आहे. सारे लक्ष लिहिणाऱ्या माणसावर आहे. मुलाखत घेताना आपण टिपणे घेत नाही, सारे स्मरणात ठेवतो, अशी कपोटीची बढाई होती. तो तुरुंगातल्या आरोपीशी मैत्री करतो, त्याच्या डायऱ्या मिळवतो, त्याला धीर देतो. पण फाशी लांबत गेली तसे त्याचे पुस्तकही अपुरे राहत जाते आणि मग ती एकदाची होऊन जावी असे त्याला वाटू लागते. दोघांना १४ एप्रिल १९६५ रोजी फाशी झाली आणि पुस्तकाला शेवट मिळाला. लिहिणे हे किती निर्दय काम असू शकते, हे फिलिप सीमूर हॉफमन या नटाने असे दाखवले की त्याला ऑस्कर मिळाले यात नवल नाही.

कपोटी आणि वाहिद यांची तुलना करणे काहींना चमत्कारिक वाटेल. एक न्यूयॉर्कच्या मेजवान्यांत रमणारा नामवंत लेखक, दुसरा मुंबईचा शाळामास्तर. पण दोघेही एका खऱ्या गुन्ह्यावर लिहितात. कपोटी बाहेरून आत जातो आणि वाटेल तेव्हा परत येतो. वाहिद यांना आतूनच लिहावे लागते, आणि त्यांच्या पुस्तकाचा शेवट त्यांच्याच गळ्याशी बांधलेला असतो. कपोटीला स्मरणशक्तीवर भिस्त ठेवणे परवडते. कोर्टात तारीख, वेळ, नाव सांगावे लागणाऱ्याला कागदावाचून गत्यंतर नसते. मिलर यांना जे कळले ते गमरे यांना कळले नाही असे मला वाटते. लेखकावरचा चित्रपट हा त्याच्या लिहिण्यावरचा चित्रपट असतो. ‘हिमोलिम्फ’ हा लेखक होण्याआधीच्या वाहिद यांच्यावर थांबतो.

याचा परिणाम केवळ कलेपुरता राहत नाही. सोसणारा माणूस पाहून प्रेक्षक हळहळतो. चांगला प्रेक्षक रडतोही. पण ती हळहळ घेऊन तो घरी जातो आणि आपण पुन्हा दयेचे धनी होतो. लिहिणारा माणूस पाहिला तर प्रेक्षकाला प्रश्न पडतात. हा कबुलीजबाब कुणी लिहिला? कोणत्या कायद्याखाली तो पुरावा ठरला? एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. मकोकाच्या अठराव्या कलमाने मात्र अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब ग्राह्य ठरतो. साऱ्या खटल्याचा कणा या एका कलमात होता. या खटल्यातील आरोपींच्या नार्को चाचण्याही झाल्या. संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी ठरवले, पण तोवर त्या होऊन गेल्या होत्या. हे सारे पुस्तकाच्या वाचकाला उमगत जाते. चित्रपटाच्या प्रेक्षकाला फक्त किंकाळी ऐकू येते.

आता त्या दुसऱ्या पाहण्याविषयी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांपैकी एकजण २०२१ मध्येच, कोरोनाने, तुरुंगात मरण पावला होता. फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊनच तो गेला. न्यायालयाने कबुलीजबाब नाकारले. ते छळ करून घेतले गेल्याच्या आरोपात तथ्य मानले आणि काही जबाबांतले भाग एकमेकांची नक्कल असल्यासारखे आहेत, हेही नोंदवले. शंभरहून अधिक दिवस गप्प राहिलेल्या साक्षीदारांवर विश्वास ठेवला नाही. बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा सरकारपक्षाला सिद्ध करता आले नव्हते. दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक एकाच ओळीत सापडली की आम्ही शिक्षक काय समजायचे ते समजतो. इथे ते समजायला एकोणीस वर्षे लागली. राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितले नाही.

हे माहीत झाल्यावर चित्रपट पाहताना एक गोष्ट खटकली, जी २०२२ साली मला जाणवली नव्हती. वाहिद यांनी कबुलीजबाब दिला नाही. चित्रपटाने याला नायकाचे धैर्य केले आहे, आणि ते आहेच. पण एक नायक उभा केला की बाकीचे आपोआप दुबळे ठरतात. ज्यांच्या नावे कबुलीजबाब निघाले, ते काय भित्रे होते? ज्या छळापुढे बहुतेक माणसे कोसळतात त्यात एखादा टिकला, तर कौतुक त्याचे करावे आणि दोष छळाला द्यावा. बाराजण आत असताना एकाच्या सुटकेवर चित्रपट संपवणे ही गमरे यांची अडचण होती, हे मला कळते. खटल्याने त्यांना तेवढाच शेवट दिला होता. पण सुटकेनंतर वाहिद यांनी उरलेल्या बारांसाठी जे लिहिले, बोलले, धावपळ केली, ती खरी कथा तिथून पुढे सुरू होते. त्याच बारांपैकी एहतेशाम सिद्दीकी यांनी फाशीच्या कोठडीतून माहिती अधिकाराचे हजारो अर्ज केले. एका अर्जाला उत्तर नाही, मग अपील, मग पुन्हा अर्ज. यावर चित्रपट काढायचा तर कुणी पैसे लावणार नाही, हे खरेच. टेबलाशी बसलेला माणूस पडद्यावर कंटाळवाणा दिसतो. हंसल मेहता यांच्या ‘शाहिद’मध्ये मात्र वकील शाहिद आझमी फायली चाळताना दिसतात आणि आपण खिळून राहतो. शाहिद आझमी यांनी या खटल्यातल्या आरोपींचेही काम पाहिले होते. ११ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांना त्यांच्या कुर्ल्याच्या कार्यालयात गोळ्या घालण्यात आल्या.

तुरुंगातून लिहिण्याची परंपरा आपल्या दोन्ही भाषांना आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मौलाना आझादांची ‘गुबारे खातिर’मधली पत्रे अहमदनगरच्या किल्ल्यातली आहेत. हसरत मोहानींनीही आपल्या कैदेची हकीकत लिहून ठेवली. पण ही मंडळी जे केले ते अभिमानाने केले म्हणून आत गेली होती. जे केलेच नाही त्यासाठी आत जाऊन लिहिणे ही वेगळीच जात आहे आणि तिला अजून नाव नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण अस्मितेवर, भाषेवर, स्त्रीप्रश्नावर पुष्कळ बोललो. कोठडीतल्या कागदांवर आपण मराठीत फारच कमी बोललो. कारण सरळ आहे. तो कागद हाताळायला आपल्यालाही भीती वाटते. मला वाटली, हे सुरुवातीलाच सांगितले.

आणि एक पुस्तक असे आहे की ज्याचे नावही आपण घेत नाही. पुण्यातले जोशी-अभ्यंकर हत्याकांड अजून जुन्या पुणेकरांच्या अंगावर काटा आणते. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या तरुणांनी १९७६-७७ मध्ये दहा खून केले. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. मुनव्वर शाह याने तुरुंगात आपली कहाणी लिहिली. तिचे नाव ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’. होय, मी अपराधी आहे. या प्रकरणावरून ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट आला, त्यात नाना पाटेकर होते आणि ते लोकांना आठवतात. मुनव्वरचे लिहिणे कुणाला आठवत नाही. ‘बेगुनाह कैदी’ आपण एकमेकांना देतो, कव्हर घालून का होईना. हे दुसरे पुस्तक मात्र कुणाच्या कपाटात मी पाहिले नाही. निर्दोष माणसाचे लिहिणे आपले आणि अपराध्याचे परके, असे साहित्यात चालत नाही. उलट, आपल्यातल्या एकाने आपला गुन्हा मान्य करून लिहिले, हे ज्याला पचवता येते त्याच्याच तोंडून ‘हा दुसरा निर्दोष आहे’ हे वाक्य वजनाने निघते.

शेवटचा मुद्दा मांडायला मला जड जाते. ११ जुलै २००६, मंगळवार. मी तेव्हा बारावीत होते. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. रात्री टीव्हीवर पावसात भिजलेले, फाटलेले डबे दाखवत होते. अब्बांच्या तोंडून पहिल्यांदा निघाले, ‘या अल्लाह, बिचारे घरी निघाले होते.’ आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, ‘आपला कुणी यात नसो.’ जखमी नसो, मेलेला नसो, असे त्यांना म्हणायचे नव्हते, हे आम्हा साऱ्यांना कळले. अम्मीने टीव्ही बंद केला.

या स्फोटांत १८९ माणसे गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. ‘हिमोलिम्फ’मध्ये अब्बांचे दुसरे वाक्य सगळीकडे भरून राहिले आहे. पहिले वाक्य सुरुवातीला येते आणि मागे पडते. पुस्तकाविषयीही मी हेच म्हणेन. ते आरोपीचे पुस्तक आहे, त्याची दृष्टी तिथपर्यंतच जाणार, हे मला मान्य आहे. दिग्दर्शकाला मात्र ती सवलत देता येत नाही. त्या डब्यांतल्या एखाद्या माणसाची आई, जिने एकोणीस वर्षे बारा जणांना आपल्या मुलाचे मारेकरी मानले, तिच्याजवळ आज काय उरले? ज्या चुकीच्या तपासाने वाहिद यांची नऊ वर्षे घेतली, त्यानेच तिच्याकडून खरा गुन्हेगारही हिरावून घेतला. हे दोन अन्याय एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. एकाच हाताने केलेले आहेत. चित्रपटाने ही आई आणि वाहिद यांची आई एकदा जरी समोरासमोर आणली असती, तरी त्याची उंची बदलली असती.

२०२५ मध्ये वाहिद यांनी नऊ वर्षांबद्दल नऊ कोटी रुपयांची भरपाई मागितली. ती बातमी मी भावाला दाखवली. त्याने वाचली, फोन परत दिला आणि विचारले, ‘ते ठीक आहे आपा, पण मग स्फोट केले कुणी?’ चित्रपटात याचे उत्तर नाही. पुस्तकात नाही. निकालपत्रातही नाही.